जपास बसणाऱ्यांच्या शंका

श्रीक्षेत्र हरिहरेश्वर हें रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, श्रीवर्धन तालुक्यांत, सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते तेथें वसलें आहे. पुष्कळ कोंकणस्थ घराण्यांचें हें कुलदैवत असल्यामुळें वाचकांपैकीं कित्येकांनीं तें पाहिलें असेलच. प्रथम कालभैरवाचें दर्शन, मग हरिहरेश्वराचें आणि पुनः कालभैरवाचें, असा येथील क्रम आहे. त्यानंतर डोंगर उतरून समुद्राच्या कडेनें प्रदक्षिणा. या प्रदक्षिणेच्या वाटेवर जीं तीर्थें लागतात त्यांत एक गायत्रीतीर्थ आहे. महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या नद्यांतही सावित्री आणि गायत्री या दोघी आहेतच. आणि गायत्री मंत्राची देवता सविता असल्यामुळें त्या मंत्रासच सावित्री असेंही म्हणतात. तेव्हां अशा स्थळीं मंत्रजपाच्या गोष्टी निघाव्या हें स्वाभाविकच आहे.

शाळेच्या कामांतून मोकळे झाल्यापासून आमचें वास्तव्य येथेंच आहे. यात्रेस आलेली मंडळी ओसरीवर घटकाभर टेंकतात, आणि "मास्तर, तुम्हांस संस्कृत येतें, तर एक विचारूं काय?" अशी प्रस्तावना करून जपाविषयीं कांहीं ना कांहीं विचारतात. विचारणारांत मुंबई-पुण्याचे कचेरींत जाणारे तरुण असतात, नातवंडांस घेऊन आलेल्या आजी असतात, आणि अमेरिकेंतून सुटीवर आलेले इंजिनियरही असतात. प्रश्न मात्र बहुधा तेच. त्यांतील कांहींचीं उत्तरें येथें एकत्र देत आहों. आम्ही कोणाचे गुरु नव्हों आणि कोणास अनुग्रहही देत नाहीं. आयुष्यभर मुलांकडून पाठांतर करवून घेतलें, त्या अनुभवाचा जितका उपयोग होईल तितका वाचकांनीं करून घ्यावा.

अर्थ न कळतां मंत्र म्हटला तर चालेल काय?

प्रथम 'मंत्र' हा शब्दच पाहूं. 'मन्' म्हणजे विचार करणें, या धातूस 'त्र' हा प्रत्यय लागून तो झाला आहे. हाच प्रत्यय नेत्र आणि शस्त्र या शब्दांत आहे, आणि तो साधन दाखवितो. नेण्याचें साधन तें नेत्र, कापण्याचें साधन तें शस्त्र, तसें मनन करण्याचें साधन तो मंत्र. मनन करणाराचें जो त्राण करतो तो मंत्र, अशी दुसरीही व्युत्पत्ति परंपरेनें सांगितली आहे. ती भक्तीच्या दृष्टीनें गोड आहे. परंतु साधन हा अर्थ ध्यानांत ठेवला म्हणजे पुष्कळ घोटाळे टळतात. साधनाची पूजा करावी हें खरें, पण तें वापरलेंही पाहिजे. आणि तें कोणत्या कामाचें आहे हें ठाऊक असलें पाहिजे.

म्हणून अर्थ कळावा हें उत्तम. पतंजलींनीं योगसूत्रांच्या पहिल्या पादांत प्रणवाचा जप सांगतांना त्याबरोबरच अर्थाचें चिंतनही सांगितलें आहे. तथापि अर्थ आधीं कळलाच पाहिजे असें नाहीं. मुंजीत आठ वर्षांच्या बटूस गायत्री सांगतात ती त्यास समजली म्हणून नव्हे. मूल पाढे आधीं पाठ करतें आणि वाण्याच्या दुकानांत गेल्यावर त्यांचा उपयोग जाणतें, तसेंच हें आहे. मात्र चाळिसाव्या वर्षींही ज्यास आपल्या मंत्राचा अर्थ विचारावासा वाटला नाहीं त्यानें थोडें थांबून विचार करावा. गायत्रीच्या तिसऱ्या चरणांत सवित्यापाशीं बुद्धीच्या प्रेरणेचें मागणें आहे, आणि तें 'माझ्या' बुद्धीसाठीं नसून 'आमच्या' बुद्धीसाठीं आहे. एकट्यानें, डोळे मिटून, आसनावर बसून म्हणावयाच्या मंत्रांत हें अनेकवचन आहे. त्याचा उपयोग आम्हांस पुढें होणार आहे.

गुरूवांचून मंत्र घ्यावा काय? तो गुप्त ठेवावा काय?

आपल्या परंपरेंत येथें दोन वाटा आहेत. गायत्री उपनयनांत कानांत सांगितली जाते. आणि बीजाक्षरांचे, तांत्रिक विधींचे जे मंत्र आहेत ते जाणत्याकडूनच शिकावे. पुस्तकांत किंवा आजकाल मोबाईलवर वाचून ते उचलूं नयेत. दुसरी वाट नाममंत्राची. ती राजरस्त्यासारखी सर्वांस मोकळी आहे. तुकोबांस बाबाजींनीं स्वप्नांत मंत्र दिला, आणि तो 'राम कृष्ण हरी' असा आहे हें तुकोबांनीं स्वतःच अभंगांतून जगजाहीर करून टाकलें. तेव्हांपासून आजतागायत पंढरीच्या वाटेवर लाखों माणसें टाळांच्या गजरांत तो म्हणत आलीं आहेत. उघड केल्यानें त्याचें तेज उणें झालें असें कोणी म्हणूं शकेल काय? नृसिंहवाडीस दत्तभक्त दिगंबराचा मंत्र एका सुरांत मोठ्यानेंच म्हणतात. माण तालुक्यांतील गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) यांनीं तेरा अक्षरांचें रामनाम आल्यागेल्यास दिलें. आणि तें घेण्यासाठीं कोणास घरदार सोडावयास लावलें नाहीं.

गुप्ततेचा एक उपयोग मात्र आम्ही मानतों. मंत्र मनाशीं ठेवला म्हणजे चारचौघांत मिरविण्याचा मोह कमी होतो. याहून अधिक गूढ त्यांत शोधूं नये.

द्रव्याचा प्रश्नही याच संदर्भांत निघतो. ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य महेश योगी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत मंत्रध्यानाची एक पद्धति प्रचारांत आणली आणि पुढें ती जगभर नेली. शुल्क घेऊन शिक्षकानें प्रत्येकास निराळा मंत्र द्यावा, आणि त्यानें दिवसांतून दोनदां सुमारें २० मिनिटें बसावें, असा तिचा क्रम आहे. १९६८ सालीं 'बीटल्स' हे इंग्रज गायक हृषीकेशास त्यांच्या आश्रमांत येऊन राहिले तेव्हां तिचा गाजावाजा सर्वत्र झाला. पुढें हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, शरीरास मिळणाऱ्या विश्रांतीपुरतें पाहिलें तर कोणताही साधा शब्द पुनःपुन्हां म्हटला तरी पुरतो. यावर आमचें मत इतकेंच कीं, शिकविणाराच्या वेळेबद्दल दक्षिणा देण्यांत कमीपणा नाहीं. परंतु अधिक पैसे दिल्यास अधिक फळ मिळेल असें जो सांगेल, किंवा मंत्र सोडलास तर अनिष्ट ओढवेल असें भय घालील, त्याच्या दारीं पुनः जाऊं नये.

मोठ्यानें म्हणावा, कीं मनांत?

धातुपाठांत 'जप्' धातूचे अर्थच दोन दिले आहेत : स्पष्ट बोलणें आणि मनांत म्हणणें. मनुस्मृतींत दुसऱ्या अध्यायांत विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट, ओंठांतल्या ओंठांत केलेला म्हणजे उपांशु जप शतपट, आणि मानस जप सहस्रपट श्रेष्ठ असा चढता क्रम आहे. हें वाचून पुष्कळ लोक पहिल्या दिवसापासून सहस्रपटीस हात घालतात आणि पांचव्या मिनिटास पेंगूं लागतात. ज्यास झोंप येते त्यानें मोठ्यानें म्हणावें. ज्याच्या घरांत दुसऱ्याचा अभ्यास चालला असेल त्यानें ओंठ हालवावे. आणि म्हणतां म्हणतां ज्याचा आवाज आपोआप आंत गेला त्यानें तो जाऊं द्यावा. ही चढण मुद्दाम चढावयाची नसते.

म्हणण्याच्या गतीचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. २००१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्यें इटलींतील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनीं २३ निरोगी माणसांकडून एकदां लॅटिन भाषेंतील मेरीच्या जपमाळेची प्रार्थना आणि एकदां 'ॐ मणिपद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोहोंतही श्वासाची गति मिनिटास सुमारें सहांवर आली आणि रक्तदाबाप्रमाणें हृदयाची गति सांभाळणारी शरीरांतील यंत्रणा अधिक तत्पर झालेली दिसली. एरवीं स्वस्थ बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटास बारा ते वीस असतात. यावरून रोमचा भाविक आणि तिबेटचा भिक्षु हे एकमेकांस न विचारतां एकाच श्वासावर येऊन पोंचले असें म्हणावयास हरकत नाहीं. आपल्या घरांत संध्या भराभर उरकणारांनीं यांतून बोध घ्यावा. बेतानें म्हटल्यास १०८ गायत्रीस पाव तास लागतो. चार मिनिटांत ज्यांची माळ पुरी होते त्यांचा श्वास जपानें शांत होत नसून जपामुळेंच धापा टाकीत असतो!

किती जप करावा?

संध्येंत १०, २८ किंवा १०८ गायत्री म्हणण्याची रीत आहे. माळेंत १०८ मणी व एक मेरुमणि असतो. मेरु ओलांडूं नये, तेथून माळ फिरवावी, आणि मणी ओढतांना तर्जनी लावूं नये, हे नियम बहुतेकांस ठाऊक आहेत. तर्जनी म्हणजे दटावण्याचें बोट. तें जपांत नको, हा संकेत आम्हांस फार आवडतो. माळ नसेल तर बोटांच्या पेरांवर मोजावें. आतां मोबाईलवरही मोजण्याची सोय झाली आहे. तिला आमची हरकत नाहीं. फक्त मोजतां मोजतां मध्येंच कोणाचा निरोप आला तर तो वाचण्याचा मोह होतो, आणि लांकडाच्या मण्यावर निरोप येत नाहींत, एवढें लक्षांत ठेवावें.

संख्येचा उपयोग नियमासाठीं आहे. अभिमानासाठीं तिचा उपयोग करूं लागल्यास ती घातक होते. समर्थांनीं नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षांत त्रयोदशाक्षरीचा तेरा कोटी जप केला असें परंपरा सांगते. शाळामास्तरच्या संवयीनें आम्हीं त्याचा हिशेब मांडून पाहिला. बारा वर्षांचे ४,३८० दिवस धरले तर रोजचा जप २९,६८० होतो. आणि एका मंत्रास एक सेकंद धरला तरी रोज सव्वाआठ तास लागतात. म्हणजे ज्यानें लग्नाच्या बोहल्यावरून पळून जाऊन सारें आयुष्यच त्या कामास वाहिलें त्याचा हा आंकडा आहे. ज्यास साडेआठची गाडी गांठावयाची आहे आणि मुलांची फी भरावयाची आहे त्यानें तो आंकडा नमस्कारासाठीं ठेवावा, अनुकरणासाठीं नव्हे. गृहस्थानें रोज एक माळ न चुकतां करणें, हें अधिक मासांत एक लक्ष करून उरलेलें वर्ष माळ खुंटीस टांगण्यापेक्षां चांगलें.

वेळ कोणती धरावी?

आमच्या येथील प्रदक्षिणेची वाट ओहोटीच्या वेळींच मोकळी असते. भरतींत लाटा खडकांवर चढतात. त्या वेळीं वाटेवर उतरणें जिवावर बेतूं शकतें. आणि भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकत असल्यामुळें यात्रेकरूनें रोज नव्यानें चौकशी करावी लागते. पुष्कळांचा जप असाच चालतो. मन शांत असेल त्या दिवशीं बसावयाचें, खवळलेलें असेल त्या दिवशीं नाहीं. परंतु प्रदक्षिणेस जो नियम योग्य तो जपास लागूं नाहीं. जपाची वेळ ठरलेली असावी. मनास त्या वेळीं भरती असो कीं ओहोटी असो. किंबहुना भरतीच्या दिवशींच त्याची खरी गरज असते.

पहांटेचा समय उत्तम हें खरें. पण ज्या गृहिणीचा पहांटेचा वेळ चुलीपुढें आणि डब्यांत जातो तिनें दुपारीं बसल्यानें कांहीं बिघडत नाहीं. आसन स्थिर असावें, पाठ ताठ असावी. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावें. मुंबईच्या गाडींत बसल्याबसल्या नाम घेणारे आम्हीं पाहिले आहेत आणि त्यांचा जप कमी प्रतीचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

मन ठरत नाहीं, त्यास काय करावें?

हा प्रश्न विचारला नाहीं असा मनुष्य आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. विचारणाराचा चेहरा बहुधा अपराध्यासारखा असतो. "माळ हातांत फिरते आणि मन बँकेंत," असें एका गृहस्थांनीं सांगितलें. अशा सर्वांस आम्ही सांगतों कीं, ही तक्रार अर्जुनानें आधींच करून ठेविली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत मनास आवरणें म्हणजे वाऱ्यास आवरणें असें तो म्हणतो, आणि भगवान् त्याची समजूत घालतांना मन चंचल आहे ही गोष्ट नाकारीत नाहींत. अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. त्याच अध्यायांत थोडें आधीं, मन जेथें जेथें पळेल तेथून तेथून त्यास परत आणावें असें सांगितलें आहे. मन पळूं नये असें तेथें म्हटलेलें नाहीं.

यांतच सर्व कांहीं आलें असें आम्हांस वाटतें. मन विषयावर टिकून राहणें म्हणजे जप, आणि तें सुटणें म्हणजे जपाचा भंग, अशी समजूत करून घेतल्यामुळें लोक निराश होतात. वस्तुतः मन सुटलें, तें सुटलें असें ध्यानांत आलें, आणि तें पुनः नामावर आणलें, या तिन्ही मिळून एक आवृत्ति होते. पावकीचा पाढा म्हणतांना मूल मध्येंच खिडकीबाहेर पाहूं लागतें. चांगला शिक्षक त्यास छडी मारीत नाहीं आणि पाढा पहिल्यापासूनही म्हणावयास लावीत नाहीं. "हं, पुढें" एवढेंच म्हणतो. मनाशीं तसेंच वागावें. रागावून आणलेलें मन राग घेऊन येतें, आणि मग जपाच्या जागीं आपलीच निर्भर्त्सना सुरू होते. एका माळेंत पन्नास वेळां मन गेलें आणि पन्नास वेळां परत आलें, तर पन्नास वेळां परत येण्याचा अभ्यास झाला. हाच अभ्यास पुढें कामास येतो. कारण ज्यास मन गेलें हें नामावर बसतांना कळूं लागतें त्यास तें क्रोधाच्या वेळींही कळूं लागतें.

स्त्रियांनीं मंत्रजप करावा काय?

करावा. नाममंत्रास कोणताच अडसर कधींही नव्हता. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या बहिणाबाईनीं तुकोबांस गुरु मानलें, त्यांचा अनुग्रहही त्यांस स्वप्नांतच झाला, आणि त्यासाठीं त्यांनीं नवऱ्याचा मार व रोष सोसला. वेदमंत्रांविषयीं म्हणाल तर साकोरीस उपासनी महाराजांनीं स्थापिलेल्या कन्याकुमारी स्थानांत स्त्रिया वेदपठण व यज्ञ करीत आल्या आहेत, आणि पुण्यांत स्त्रियांनीं पौरोहित्य करूं लागल्यासही कांहीं दशकें लोटलीं. ज्या मंत्रांत 'आमच्या बुद्धीस' असें म्हटलें आहे त्यांतून घरांतील अर्ध्या माणसांस वगळावें असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

जपानें रोग बरे होतात काय?

येथें मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. योगाच्या शास्त्रीय परीक्षणास महाराष्ट्रांत १९२४ सालीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापून आरंभ केला. अनुभव सांगणें वेगळें आणि मोजून पाहणें वेगळें, हा विवेक त्यांनीं आपणांस दिला. त्याच विवेकानें पाहतां, २०१४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ध्यानाच्या ४७ चांचण्या आणि त्यांतील ३,५१५ माणसें यांचा एकत्र विचार केला. सजगतेच्या ध्यानानें चिंता व खिन्नता थोडी कमी होते असें त्यांस आढळलें. मंत्रध्यानाच्या बाबतींत मात्र निश्चित लाभ दाखविणारा भक्कम पुरावा त्यांस मिळाला नाहीं. २०१७ सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें ध्यान हें हृद्रोगाच्या नेहमींच्या उपचारांस जोड म्हणून करण्यास हरकत नाहीं, पण त्या उपचारांची जागा तें घेऊं शकत नाहीं, अशा आशयाचें मत दिलें. तेव्हां रक्तदाबाची गोळी घेऊन जपास बसावें. जपास बसतों म्हणून गोळी सोडूं नये. पतंजलींनींही योगाच्या नऊ विघ्नांत व्याधीस पहिलें स्थान दिलें आहे. विघ्न दूर करणें हें साधकाचें कर्तव्यच ठरतें.

मनाच्या व्यथांविषयीं तर अधिकच सावध असावें. झोंप उडालेली, भास होत असलेले, जीव नकोसा झालेला, अशा माणसास बाधा समजून देवळांत आणून बसविण्याची चाल आमच्या कोंकणांत अद्यापि पुरती गेलेली नाहीं. अशास डॉक्टरकडे न्यावें. तासचे तास डोळे मिटून बसल्यानें कांहींची अस्वस्थता वाढतेही. तसें झाल्यास बसणें थांबवावें, त्यांत पाप नाहीं. आणि कोंकणांत नित्य भेडसावणारें सर्पदंशाचें संकट आलें असतां मंत्र घालीत बसणें हा तर कायद्यानेंही गुन्हा होऊं शकतो. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणें हें महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें निषिद्ध ठरविलें आहे.

नामानें दुःख विसरतें काय?

हरिहरेश्वरीं पिंडदानासाठींही पुष्कळ लोक येतात. गेल्या पितृपक्षांत एक बाई आल्या होत्या. तरुण मुलगा जाऊन वर्ष झालें होतें. सर्व आटोपल्यावर त्यांनीं हळूच विचारलें, "नाम घेऊं लागलें कीं देवाच्या जागीं त्याचाच चेहरा येतो. मग तें नाम देवास कसें पोंचणार?" आम्हीं म्हटलें, "येऊं द्या. ढकलूं नका, आणि त्याच्यामागें धांवूंही नका. नाम चालूं ठेवा." त्यांनीं पुनः विचारलें, "म्हणजे मग विसर पडेल का?" आम्ही "नाहीं" असेंच म्हणालों.

दुःखाचा विसर पाडणें हें नामाचें काम आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि तसें आश्वासन देणारांनीं शोकाकुल माणसांचें भलें केलें आहे असेंही दिसत नाहीं. परंतु शोकांत मन एकाच आठवणीभोंवतीं फिरत असतें, आणि त्या फिरण्यास थारा नसतो. ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या जागीं बसून एक ठरलेला शब्द म्हणणें, एवढा तरी थारा त्यामुळें मिळतो. चेहरा येतो, नामही चालतें. पुढें पुढें दोन्ही एकत्र राहूं शकतात. याहून अधिक सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं.

जप साधला हें कशावरून ओळखावें?

कोणी म्हणतात प्रकाश दिसला, कोणी म्हणतात नाद ऐकूं आला. दिसला असेल, ऐकूं आला असेल. त्यावर आमची कसोटी नाहीं. आमची कसोटी घरांत आहे. आपणां सर्वांच्या परिचयाचें एक चित्र सांगतों. आजोबा माळ घेऊन बसले आहेत. मौन आहे, परंतु भिंवयांनीं सुनेस चहाची आठवण चालली आहे. नातू दंगा करतो म्हणून 'हुं हुं' असा हुंकार निघतो आहे. दाराशीं आलेल्या भाजीवालीचा भाव बोटांनीं ठरतो आहे. आणि माळ खालीं ठेवल्याबरोबर, तासभर सांठलेली सगळी रागाची रक्कम व्याजासह सर्वांच्या पदरीं पडते आहे. मुलें हें पाहतात. पुढें तीं संध्येस बसत नाहींत म्हणून आपण काळास दोष देतों. परंतु त्यांनीं जपाचें फळ आपल्या घरींच पाहिलेलें असतें. तरुण पिढी मंत्रास दुरावते त्याचें एक मोठें कारण, आमच्या मतें, हेंच आहे.

एकत्र कुटुंबांत जपास बसणाराची पाव तासाची शांतता ही दुसऱ्या कोणीतरी दिलेली असते. कोणी मुलास बाहेर नेलेलें असतें, कोणी दूध उतूं जाणार नाहीं म्हणून उभें राहिलेलें असतें. तेव्हां जपानें आपण घरावर उपकार करतों असें न समजतां, घराचें देणें घेऊन आपण आसनावरून उठतों असें समजावें. गायत्रींतील 'आमच्या' या शब्दाचा अर्थ आम्ही तरी असाच लावतों.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांस एकच सुचवून लेख पुरा करतों. आपल्याकडे चातुर्मासांत एखादा नियम धरण्याची जुनी चाल आहे. येत्या आषाढ शुद्ध एकादशीस एक नाम निवडा; एक वेळ आणि एक जागा ठरवा; पाव तासाहून अधिक नको. मन पळेल, परत आणा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट न करतां नेहमींइतकेंच करा. चार महिन्यांनीं, कार्तिक शुद्ध एकादशीस, आपणांस काय लाभ झाला हें स्वतःस विचारूं नका. मनुष्य स्वतःस नेहमींच उदारपणें गुण देतो. घरांत जें माणूस आपलें सर्वांत अधिक बोलणें खातें, त्यास विचारा. तें जर म्हणेल कीं, "हल्लीं तुम्ही थोडे निवळलांत," तर पुढील चातुर्मासाची वाट पाहूं नका. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं, त्याच जागीं पुनः बसा.